चपला काढल्या तिथं

मी आयुष्यभर बायकोच्या पुढं चाललो. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं हार्डवेअरचं दुकान, घर दोन गल्ल्या सोडून. भाजीला निघालो तरी मी दहा पावलं पुढं आणि ती पिशवी घेऊन मागं. रिक्षा, दुचाक्या अंगावर येतात, म्हणून पुढं राहून तिला वाट करून देतो, असं मी लोकांना सांगायचो. खरं कारण एवढंच, की मला दम धरवत नाही.

ही खोड घेऊनच मी सत्तरीत लंडनला गेलो. लेक तिथं नोकरीला आहे. पहिले आठ दिवस तिनं आम्हाला हाताला धरून फिरवलं, मग तिची रजा संपली. तिकडचं सिमकार्ड तिनं एकच घेतलं होतं, ते माझ्या फोनमध्ये. "तुम्ही दोघं काय वेगळे फिरणार आहात?" असं तिचं म्हणणं. रेल्वेचं कार्ड मात्र दोघांच्याही गळ्यात अडकवलं होतं, बालवाडीतल्या पोरांसारखं.

मग एका दुपारी आम्ही दोघंच बाहेर पडलो आणि नदीकाठच्या बाकावर बसून बायकोनं केलेल्या दशम्या खाल्ल्या. लेकीनं घेऊन दिलेले बूट तिला चावत होते. तिनं ते काढून बाकाखाली ठेवले आणि पाय चोळत बसली. मी खेकसलो, "हितं कुठं बूट काढून बसतीस? काय म्हणतील लोक?" तिनं निमूट बूट घातले. मी उठलो, ते तरातरा चालत दहा मिनिटांवरच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात शिरलो. ती जिन्यावर लंगडत होती म्हणे. मी मागं वळून बघेन तर शपथ.

गाडी उभीच होती. मी आत शिरलो, "ये की लवकर!" म्हणत वळलो, तोवर दार लागलं. काचेपलीकडं हिरवी साडी, वर लेकीचा जाड कोट आणि तोंडावर ठेवलेला हात. गाडी हलली.

तिला इंग्रजी येत नाही. फोन माझ्याकडं. लेकीचा पत्ता लिहून तिच्या पर्समध्ये ठेवायचा हे रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं.

पुढच्या स्टेशनात उतरून उलट गाडीनं परत आलो. फलाटावर ती नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलो, "अगं ए!" म्हणून ओरडलो. तिला हाक मारायची माझी तीच रीत. लोक घाबरून बाजूला झाले. लेकीला फोन लावायचं धाडस होईना. काय सांगणार होतो, तुझी आई हरवली म्हणून? खरं सांगतो, मी त्या जिन्यात बसून रडलो. ती सापडली नाही तर मी कोल्हापूरला कोणत्या तोंडानं जाणार होतो, आणि जाऊन तरी काय करणार होतो.

स्टेशनातल्या एका बाईंनी मला उठवलं, पाणी दिलं आणि कागद घेऊन विचारायला लागल्या. वय किती? उंची किती? कपडे कसले? माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगत गेलो. मग त्यांनी विचारलं, पायात काय होतं?

बूट म्हणालो आणि तिथंच थांबलो.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेलो होतो. देवळाच्या गर्दीत ती चुकली. घाटावर, पेढ्यांच्या दुकानांत, सगळीकडं शोधली. शेवटी सापडली ती आम्ही चपला काढल्या होत्या तिथं, माझ्या चपला मांडीवर घेऊन बसलेली. "चप्पल न्यायला तर येणारच की तुम्ही," म्हणाली. तेव्हापासून आमचं ठरलेलं, कुठंही चुकामूक झाली तर चपला काढल्या तिथं थांबायचं. पुढं जत्रेत, लग्नकार्यात हे कितीदा उपयोगी पडलं. मीच विसरलो होतो.

नदीकडं कसा पोचलो मला सांगता येणार नाही.

ती त्याच बाकावर होती. बूट काढून तिनं पार वाटेवर मांडून ठेवले होते, जोडीनं. पाय साडीत गुंडाळून घेतले होते.

"आलासा?" ती म्हणाली. "किती वेळ लावला वो."

"रस्ता कसा घावला तुला?"

"येताना बघत आलते की. तुम्ही पळत हुता, मी बघत हुते."

"भ्याली न्हाईस?"

"भ्याले की! पण तुम्ही येणार न्हाय, असं न्हाय वाटलं. तुमच्या ध्यानात यायला वेळ लागणार हे म्हाईत हुतं. म्हणून बूट वाटंवर ठेवलं, लांबनं दिसावं म्हणून."

मी तिथंच खाली बसलो. गुडघे कडाकडा वाजले. तिचा गार पडलेला पाय मांडीवर घेतला, बुटाची नाडी चांगली सैल केली आणि बूट घातला. मग दुसरा.

"अहो, लोक बघत्यात."

"बघू देत की."

उठायला मात्र मला येईना. तिनंच हात दिला. तो हात धरून मी तिच्या चालीनं चालत स्टेशनपर्यंत आलो, आणि दहा मिनिटांच्या त्या वाटेला आम्हाला अर्धा तास लागला.

गाडी आली. दार उघडल्यावर ती सवयीनं मागं सरकली.

"न्हाय," मी म्हणालो, "आधी तू चढ."