रस्त्याच्या पोटातलं

कासार आंबोलीचा इंद्रजित गावात ‘रडारवाला’ म्हणूनच ओळखला जायचा. तसा तो नुसता ड्रायव्हर. त्याच्या गाडीमागं रस्त्याला लागून एक पेटी असायची; ती डांबरातून खाली लहरी सोडायची आणि आतल्या भेगा, पोकळ्या पडद्यावर उमटायच्या. ती चित्रं वाचायचं काम मागं बसलेल्या शैलेशसाहेबांचं. पण चहाच्या टपरीवर टेचात बोलायचा तो इंद्रजित. “माणसाच्या पोटात काय हाय ते देव जाणं, रस्त्याच्या पोटातलं आमी सांगतो!”

गावाच्या फाट्यापुढं डाव्या अंगाला अशीच एक पोकळी दिसली. वरून डांबर तुळतुळीत. साहेब म्हणाले, “पोकळी नक्की आहे. धोका किती, ते खणल्यावरच कळेल.” यातलं पहिलं वाक्य इंद्रजितनं घरी नेलं, दुसरं वाटेतच सांडलं.

“शुभे, फाट्याम्होरं डावीकडनं जाऊ नगंस. उजवीकडनं गाडी काढ. रस्ता आतनं पोकळ झालाय.”

“तुमी म्हंता म्हंजी असंल,” बायको हसली. नवऱ्याच्या यंत्राचं त्याच्यापेक्षा तिलाच जास्त कौतुक.

खणायचा हुकूम काही निघेना. सरकारी काम ते! आणि एका सकाळी पिरंगुटला कामावर जाताना शुभांगीनं त्या जागी स्कूटी उजवीकडं घेतली, तर समोरून खडीचा डंपर. ती जागीच गेली.

नंतर त्या डांबरावरून एसट्या गेल्या, दूधगाड्या गेल्या, वऱ्हाडं गेली; रस्ता तसूभर खचला नाही. इंद्रजित रोज थांबून बघायचा. खचावा, असं त्याला वाटायचं, आणि असं वाटल्याची लाजही वाटायची. पण खचला असता, तर आपण बायकोला खरं तेच सांगितलं एवढं धरून तरी जगता आलं असतं.

अखेर जेसीबी आला. इंद्रजित रजा टाकून कडेला उभा राहिला. डांबर निघालं, मुरूम निघाला आणि खाली जुन्या काळची, ओढ्याचं पाणी जायची दगडी मोरी लागली. घडीव कमान, एक चिरा हललेला नाही. पोकळी होती, यंत्र खोटं बोललं नव्हतं.

“अख्ख्या रस्त्यात एवढीच जागा पक्की आहे की,” साहेब बोलून गेले. संध्याकाळपर्यंत मोरीवर पुन्हा मुरूम-डांबर पडलं आणि रस्ता सुरू झाला.

घरी यातलं काही बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं. पण सकाळी त्याची लेक जुईली कॉलेजला निघाली आणि गाडी सुरू करता करता म्हणाली, “पप्पा, काळजी करू नगा. फाट्याम्होरं मी उजवीकडनंच जाते.”

इंद्रजितनं धावत जाऊन हँडल धरलं. “नगं! सरळ जा. आपल्या बाजूनं जा.”

“पोकळी बुजवली व्हय काल?”

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. ‘हो’ ओठावर आलंही होतं. पण पोरीच्या तोंडाकडं बघून ते बाहेर पडेना.

“तितं धोका न्हवताच, बाळा. कंदीच न्हवता.”

जुईलीनं गाडी बंद केली. “मग आई कशापायी वळली?”

“माज्या सांगण्यापायी,” तो म्हणाला, आणि हँडल सोडून अंगणातच खाली बसला.