सड्यावरून उचललेले दगड

मी देवळात जातो, पण खरं सांगायचं तर हात जोडलेले असताना माझं निम्मं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे असतं. घरातलं देवाधर्माचं सगळं बायको आणि माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, या दोघी बघतात. मी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. मापात बसेल तेवढंच खरं मानायची सवय हाताला लागली आणि हळूहळू डोक्यालाही लागली. सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांना घेऊन एखादा गड चढून यायचा ही माझी एकुलती एक चैन. दहा-बारा गड झाल्यावर डोंगरातलं आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायला लागलं होतं. गेल्या श्रावणात एका दुपारी ती घमेंड उतरली. त्या दुपारची भीती मात्र अजून अंगातून गेलेली नाही.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आक्काने मला न्हाऊमाखू घालून वाढवलं, तिचं लग्न झाल्यावरही मी निम्मं वर्ष तिच्या सासरीच असायचो. आता ती बासष्ट वर्षांची आहे, भावजी नाहीत, मूलबाळ नाही, म्हणून आमच्याकडेच असते. तिला साखरेचा आजार आहे आणि रोज सकाळी इंजेक्शन घ्यावं लागतं. तिचं सासर पाटणच्या पलीकडच्या खोऱ्यातलं. नवी नवरी असताना सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट पठारावरच्या, देवीची ओटी भरायला ती चालत गेली होती, त्यानंतर जाणं झालं नाही. "पाय चालत्यात तवर एकदा ने रं मला," असं ती तीन वर्षं म्हणत होती आणि मी आज-उद्या करत होतो. शेवटी श्रावणातल्या शेवटच्या मंगळवारची रजा टाकली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना वेळेवर खायला घाला आणि फार दमवू नका. पहिलं मी लक्षात ठेवलं, दुसऱ्याकडे कानाडोळा केला.

पहाटेच्या एसटीने कराड, तिथून पाटण, पुढे वडापच्या जीपने डोंगराच्या पायथ्याचं गाव. झाडीतून चढण दोन तासांची होती. आक्का दर शंभर पावलांवर बसायची आणि मला हसायची, "तूच दमलायस, म्हणून बसती." वर आलो तर सगळा सडा फुलांनी भरलेला. ताटासारखा सपाट, मैलभर पसरलेला, आणि मधे मधे काळा कातळ. कातळावर पायवाट उमटत नाही. पण दर चाळीस-पन्नास पावलांवर तीन-चार दगड एकावर एक ठेवलेले दिसत होते.

हल्ली कुठल्याही डोंगरावरच्या देवळाजवळ गेलात तर अशा दगडांच्या चळती दिसतात. ज्याला स्वतःचं घर हवं त्याने देवाच्या दारात दगडांचं घर रचायचं, मजला चढेल तसं मागणं पोहोचतं म्हणतात. आम्ही वीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली. निघताना बायकोने बजावलं होतं, "तुमचा इश्वास नसला तर नसूद्या, पण पाच तरी दगड रचून या." सड्यावर सुटे चपटे दगड शोधून सापडेनात. मग मी वाटेवरच्या चळतींमधून उचलायला लागलो. लेथवरचा माणूस, मला सगळ्यात सपाट दगड हवा. तो नेमका तळाशी असायचा, तो ओढला की वरचे घरंगळत जायचे. ज्याने रचले त्याचं एव्हाना घर झालं असेल, अशी मी मनाशी थट्टा केली. आक्का पुढे फुलं बघत चालली होती, तिला यातलं काही दिसलं नाही. देवळात पोहोचेपर्यंत माझ्या पिशवीत सात दगड होते. देवीच्या पायरीशी मी सात मजली घर उभं केलं, आणि ते जराही डुगडुगलं नाही याचं मला मोठं कौतुक वाटलं.

आक्काने ओटी भरली, नैवेद्य दाखवला. आम्ही पोळी-भाजी खाल्ली आणि एकच्या सुमारास परत फिरलो. दहा मिनिटंही चाललो नसू, तेवढ्यात दरीतून धुकं वर चढलं. आधी लांबची झाडं गेली, मग समोरचा कातळ गेला, मग पाच पावलांवर चालणारी आक्का नुसती सावलीसारखी दिसायला लागली. मी तिचा हात धरला. मोबाईलला रेंज नव्हती. नकाशा उघडला तर त्यात एक कोरा हिरवा चौकोन आणि मधे आम्ही. मी म्हटलं, येताना त्या चळतींच्या कडेने आलो, तसंच जाऊ. एक सापडली, दुसरी सापडली, कारण देवळाजवळ आल्यावर पिशवी जड झाली म्हणून मी उचलणं थांबवलं होतं. तिसरी काही सापडेना. जिथे असायला हवी तिथे दोन दगड इकडेतिकडे पडलेले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गडांवर वाट दाखवायला बाण रंगवलेले असतात, मला तेवढंच माहीत होतं. इथे सड्यावर राहणाऱ्या माणसांनी धुक्यातून येण्याजाण्यासाठी दगड रचून ठेवले होते आणि ते मी माझ्या हाताने मोडत आलो होतो. मी नुसता चालत राहिलो, कारण थांबलो असतो तर आक्काने विचारलं असतं.

किती चाललो सांगता येणार नाही. तास झाला, दीड झाला. बारीक पाऊस सुरू झाला. एका ठिकाणी उतार लागला, मला वाटलं सापडली वाट. दोन पावलं पुढे टाकली आणि गालाला वारा लागला. तो वारा समोरून येत नव्हता, खालून येत होता. मी जागच्या जागी थांबलो आणि एक खडा पुढे फेकला. त्याचा पडल्याचा आवाज आला नाही. मी आक्काला मागे ढकललं आणि खाली बसलो. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि माझ्या जिवापेक्षा हातात धरलेल्या त्या हाताची जास्त वाटत होती.

तो हात घामाने चिंब झाला होता. आक्काचे ओठ पांढरे पडलेले. अंगातली साखर एकदम उतरली तर म्हणून तिच्या कनवटीला कायम साखरेची पुडी असते, ती काढून तिला चारली. थोडा वेळ बरं वाटलं. मी परत तिला उठवलं, परत चाललो, आणि अर्ध्या तासात ती पुन्हा लटपटायला लागली. पुडी संपली होती. पिशवीत खायला एक कणही उरला नव्हता, सगळा डबा देवळापाशीच फस्त केला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आप्पा, गाडी आली का वं?" आप्पा म्हणजे आमचे वडील, त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला रडू आलं.

मी ठरवलं की हिला खडकाच्या आडोशाला बसवायचं आणि एकट्याने पळत जाऊन माणसं आणायची. कुठे पळायचं ते माहीत नव्हतं, पण बसून राहणं मला जमत नाही. उठणार तेवढ्यात तिने माझा सदरा धरला. तिला मधेच भान आलं होतं. तेव्हा मी सगळं कबूल केलं. म्हटलं, आक्का, ते दगड वाटेचे होते आणि मीच मोडले. तिने डोळे मिटले. मग सावकाश म्हणाली, "आता हितं बस. लय पळलास. पळत्याच्या मागं देवी कुठवर पळंल?"

मी बसलो. तिचं डोकं मांडीवर घेतलं, पावसासाठी पिशवीत ठेवलेला प्लास्टिकचा कागद दोघांवर ओढला. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न मागता देवीचं नाव घेतलं. घर नको, वाट नको, असंही म्हटलं नाही. आता माझ्या हातात काही नाही, एवढंच म्हणालो. भीती गेली नाही. आक्काचा श्वास चालू आहे का ते बघायला मी दर क्षणाला तिच्या नाकाशी बोट नेत होतो.

मग धुक्यातून बाईचा आवाज आला, कुणालातरी लाडाने हाका मारणारा. मी जीव खाऊन ओरडलो. हाका थांबल्या. "कोन हाय तितं? हलू नगा, फुडं कडा हाय," असं म्हणत घोंगडीची खोळ पांघरलेली पन्नाशीची एक बाई काठी टेकत समोर आली. तिची म्हैस व्यायला झाली होती आणि सकाळपासून कुठेतरी आडबाजूला जाऊन बसली होती. तिला शोधायला ती निघालेली. एरवी या कड्याच्या अंगाला जनावर फिरकत नाही, आज आपणच का इकडं वळलो ते तिचं तिलाच सांगता येईना. आक्काकडे बघून तिने जास्त विचारलं नाही. मी साखर उतरल्याचं म्हणालो, तशी तिने कमरेचं फडकं सोडलं. व्यालेल्या म्हशीला घालायला आणलेला गुळाचा मोठा खडा त्यात होता. तिने तो दगडाने फोडला आणि बारीक बारीक करून आक्काच्या गालात भरवला.

पंधरा-वीस मिनिटांनी आक्का मला माझ्या नावाने हाक मारून पाणी मागू लागली. मी म्हटलं, "मावशी, तुमची म्हैस?"

"म्हस घावली न्हाई, तुमी घावलासा. चला, उजेड हाय तवर घर गाठू," ती म्हणाली.

एका बाजूने ती, एका बाजूने मी, असं आक्काला धरून आम्ही तिच्या वाडीत उतरलो. चहा झाला. वाडीतल्या एकाने जीप काढून आम्हाला पाटणच्या दवाखान्यात पोहोचवलं. निघताना मी तिला दगडांचं सांगितलं. न सांगता राहवेना. ती रागावली नाही. "तुमी लोकं घर मागायला रचता. आमी घराकडं यायला रचतो," एवढंच म्हणाली.

पुढच्याच सुट्टीला मी एकटा परत गेलो. देवीपुढचे सातही दगड उतरवले, आणि मावशींनी दाखवलं तसं एकेक खूण पुन्हा उभी केली. दुपार त्यातच गेली. काम झाल्यावर म्हशीचं विचारलं. ती म्हणाली, दुसऱ्या दिवशी सकाळी घावली, तिला रेडी, म्हणजे पारडी, झाली होती, चांगली काळीभोर, पण रातच्याला वाघरू येऊन रेडीला उचलून गेलं. गूळ घेऊन वेळेवर पोचले असते तर दोघींना घरी आणलं असतं. मी काही द्यायला लागलो तर तिने हात मागे घेतला. "आक्कास्नी सांगू नगा. देवीनं एकीला ठेवलं, एकीला न्हेलं. आपन कोन बोलनार?"

तेव्हापासून मला एक कळलं आहे. कृपा वरून फुकट पडत नाही, ती कुणाच्या तरी पदरातून येते, आणि ती घेताना मान खाली घालण्यापलीकडे आपल्या हातात काही नसतं. माझी मापं घेण्याची सवय गेली नाही, पण या एका गोष्टीला मी मापपट्टी लावत नाही. आक्का आता बरी आहे. दर मंगळवारी देवापुढे दिवा लावताना ती विचारते, "त्या माउलीच्या म्हशीला काय झालं रं?" मी सांगतो, रेडी झाली, काळीभोर. ती समाधानाने हात जोडते. तिच्या शेजारी उभा राहून मीही जोडतो.