सरूबाईंची गाणी, मास्तरांचं नाव

आमच्या मोठ्या जाऊबाई सरूबाई गाणी रचत. पण गाण्यांपेक्षा त्यांचे किस्सेच जास्त झालेत! गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात चार बायका बसल्या की एखादा निघतोच.

*

रोवणीत गाणं सुचलं की बाई धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, हातात धरून चिखलात तशाच उभ्या राहायच्या. एकदा त्यांचे मालक बांधावरून ओरडले, "काऊन उभी हायेस? पऱ्हे सुकून राह्यले!"

"सुकू द्या. गानं सुकलं तं तुमी पेरून देसान का?"

*

नागपूरचे एक साहित्यिक बैलगाडीतून घरी आले. कवयित्री नऊवारीत बघून गहिवरले. उंबऱ्यावरच बसले आणि तासभर एकटेच बोलले. शेवटी विचारलं, "बाई, प्रेरणा कुठून मिळते?"

"ते मंग सांगतो. आंदी दारातून उठा भाऊ, मले पान्याले जायचं हाय!"

*

शाळेचे मास्तर पुण्याकडचे. बाईंची गाणी लिहून घेत आणि मासिकाला पाठवत. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. छापलेलं नाव तरी ओळखू यावं म्हणून 'सरूबाई' एवढी अक्षरं त्यांनी माझ्याकडून शिकून चुलीच्या राखेत गिरवली.

अंक आला. बाईंनी पानभर बोट फिरवलं, मग माझ्याकडे पाहिलं. गाणं त्यांचं होतं, खाली नाव मास्तरांचं! मला असा संताप आला!

मास्तर बाईंना म्हणाले, "बाईमाणसाचं नाव छापणं बरं दिसत नाही, वहिनी."

"खरं हाय," बाई म्हणाल्या. "तुमचंच शोभते."

*

पुढे शाळेच्या समारंभाला तहसीलदार येणार होते. मास्तरांनी नवं गाणं मागितलं. बाईंनी दोनच ओळी दिल्या. लग्नात इवायाला, म्हणजे व्याह्याला, चिडवायला बाईंनी रचलेलं ते गाणं. दोन ओळी एकीनं म्हणायच्या, पुढचं सगळ्यांनी मिळून, ज्याला चिडवायचं त्याचं नाव घालून. पुण्याकडच्या माणसाला हे काय ठाऊक! म्हणाले, "वा! जिवाशिवाचं रूपक!"

समारंभात डोळे मिटून गायले,

"रिकामा आला पावना,
भरून चालला झोरा..."

आणि सगळ्या बायका एका सुरात,

"वाटी चोरली कोनं? मास्तरनं, मास्तरनं!
धोतरात लपवली कोनं? मास्तरनं, मास्तरनं!"

तहसीलदार लालबुंद! "हे असलं गाणं रचलं कोणी?"

मास्तरांनी घाम पुसत बाईंकडे बोट केलं. "या सरूबाईंनी, साहेब! सगळी गाणी यांचीच! माझं एकही नाही!"