बारा पिवळी पावलं

व्यायामखोलीच्या फरशीवर चिकटपट्टीची बारा पिवळी पावलं होती. दर मार्चमध्ये व्हर्ना हालव्हरसन गुडघे टेकून ती नव्याने चिकटवायची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना चालायला शिकवण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. आखडलेल्या पोटऱ्या ताणता ताणता तिच्या अंगठ्यांचे सांधे कायमचे सुजले होते. त्याची तक्रार नव्हती. शिसारी होती ती या पावलांची.

मिनेसोटातल्या त्या गावात तिच्या उपचार केंद्राच्या मदतीसाठी एप्रिलमध्ये मेजवानी व्हायची. हॅम आणि बटाट्याचं भट्टीत भाजलेलं हॉटडिश खाऊन झालं, की एखादं मूल मंचावर चिकटवलेल्या अशाच बारा पावलांवरून आधाराशिवाय चालायचं. लोक उभे राहून टाळ्या पिटायचे, डोळे टिपायचे आणि मग केकवर तुटून पडायचे.

यंदा टिल्डाची पाळी होती. नऊ वर्षांची, तोंडाने फटकळ. वॉकर, म्हणजे चाकांची चौकट, पाठीमागे ओढत ती ताठ चालायची. जानेवारीपासून ती शाळेत बाथरूमला एकटी जाऊ लागली होती आणि आतून कडी लावायची. वॉकर काढला, की तिचे गुडघे वाकून एकमेकांवर घासायचे. पाचव्या पावलाला मान घामाने भिजायची.

"वॉकर घेऊनच जाऊ दे तिला," व्हर्ना संचालक किप लुंडग्रेनला म्हणाली.

"अगं, वॉकर घेऊन ती रोजच चालते. त्यात बघायचं काय?"

"तेच बघायचं."

"लोकांना चमत्कार लागतो, व्हर्ना."

"मग त्यांना चर्चमध्ये पाठव. मी पोटऱ्या ताणते."

किप हसला. "आणि पावलं कोण चिकटवतं? सव्वीस वर्षं?"

व्हर्ना खोलीबाहेर पडली. कॉरिडॉरमध्ये एका जुन्या मेजवानीतला मार्नीचा फोटो लटकत होता, बाराव्या पावलावर हात पसरलेली मार्नी. आता ती चाकांच्या खुर्चीतून कॉलेजला जाते. मागच्या वर्षी फोटोखालून जाताना म्हणाली होती, "काढा ना हे कुणीतरी. ती बारा पावलं मी जन्मात एकदाच चाललेय." कुणी काढला नव्हता. व्हर्नानेही नाही.

वॉकरशिवाय सराव सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात टिल्डाने शाळेत बाथरूमला जायला पुन्हा मदतनीस बाईला हाक मारली. पाय दमतात म्हणाली. व्हर्नाने ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडून पावलं मोजून घेतली. स्वतःच्या हातांना कसलासा ओशट वास येतोय असं तिला वाटत राहिलं, साबणाने जाईना.

मेजवानीच्या दुपारी टिल्डा निळ्या फ्रॉकमध्ये मंचावर उभी राहिली. एक, दोन, तीन. चौथ्याला गुडघे आत वळले. किपने कौतुकाने माइक तिच्या तोंडाशी धरला.

"मला बाथरूमला जायचंय," टिल्डा म्हणाली. सभागृह खळखळून हसलं.

"आठच राहिलीत, राणी! मग जाऊ या."

"आठ पावलांत होईल फ्रॉकमध्ये. मिस व्हर्ना, माझा वॉकर दे."

पडद्याआड व्हर्नाच्या हाताशीच तो होता. क्षणभर तिने किपकडे पाहिलं. त्याने डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. ती वॉकर ढकलत थेट उजेडात आली.

टिल्डाने दांडे पकडले, पाठ ताठ केली आणि मंचाच्या उतारावरून खाली गेली. टेबलांमधून, हॅमच्या ताटांवरून वळणाऱ्या माना ओलांडत, शेवटच्या दारापर्यंत. साठ पावलं तरी असतील. एकही टाळी वाजली नाही. मोत्यांची माळ घातलेली एक बाई पुटपुटली, "बिचारी!"

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

व्हर्ना दाराशी जाऊन उभी राहिली नाही. मंचावर गुडघे टेकून ती पावलं खरवडू लागली. पट्ट्यांना केस, धूळ, केकचा चुरा चिकटून आला.

"कार्यक्रम चालू आहे, व्हर्ना!" किप दात आवळून कुजबुजला.

"पाय उचल," ती म्हणाली. "एक तुझ्या बुटाखाली आहे."