पुराची गोष्ट सांगणारे पाद्रीबाबा आणि त्यांच्या बाई

शांतवन बनसोडे मुलगी बघायला उदगीरला आले, तेव्हा मुलीनंच त्यांना पहिला प्रश्न विचारला.

"तुमची बदली कोण करतं?"

"बिशपसाहेब," शांतवन म्हणाले. मेथडिस्ट चर्चचे ते नवेकोरे पाळक होते.

"माझी जिल्हा परिषद करते. आणि या दोघांचं आपसात बोलणं नसतं. चालेल?"

शांतवननी एवढा विचार केला की चहावर साय धरली. मग म्हणाले, "प्रभू बघून घेईल."

"प्रभूनं बघितलं तर बरंच. नाहीतर मी बघीन," सलोमीबाई म्हणाल्या, आणि लग्न ठरलं.

प्रभूनं बरीच वर्षं बघितलंही. उदगीरपासून नऊ मैलांवर करडगावला सलोमीबाईंची शाळा होती आणि तिथंच शांतवनचं छोटं चर्च. अकरा गावांची मंडळी त्यांच्याकडं होती, आणि तेवढ्यांसाठी एक सायकल. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की थांबायचं कसं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. उपदेश दीड तास चालायचा. सव्वा तास झाला की पुढच्या बाकावरच्या सलोमीबाई गीतांचं पुस्तक दाणकन मिटायच्या. शांतवनना वाटायचं, बाईंना मुद्दा पटला. मग ते तोच मुद्दा पुन्हा सांगायचे.

बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, घरात रेशनची तांबडी मिलो ज्वारी आली, आणि अख्खं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलं. आईबापांबरोबर पोरंही गेली. एका सोमवारी सलोमीबाईंनी हजेरी घेतली तर वर्गात तिघंच. त्यातला एक चुकून आलेला.

"अहो, फळा सायकलला बांधता येतो का?" त्यांनी घरी येऊन विचारलं.

"फळ्याला काय झालं?"

"फळ्याला काही नाही झालं. शाळा गेलीय तलावावर. आपणही जायचं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दाराला चिठ्ठी लागली: 'शाळा तलावाच्या कामावर भरली आहे.' शांतवन फळा मागं बांधून सायकल ढकलत निघाले आणि सलोमीबाई छत्री घेऊन पुढं चालल्या. तलावाच्या कडेला एका बाभळीखाली पोरं गोळा झाली. चार दिवसांनी दुपारच्या सुट्टीत दानम्मा येऊन उभी राहिली. पन्नाशीची, तोंडानं फटकळ, एका दमात डोंगर फोडील अशी बाई.

"बाई, पोराला शिकवून राहिलाव. आमी काय पाप केलंय? मुकादम वीरण्णा रोज हजेरीला आमचा अंगठा काळा करतोय. मला माजं नाव लिवायचंय."

तिच्यामागं चाळीस बायका होत्या. सलोमीबाईंना पोरं सोडता येईनात. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं.

अशी शांतवनची मास्तरकी सुरू झाली. खडू नव्हताच. मऊ पांढऱ्या दगडानं बायका मोठ्या दगडांवर अक्षरं गिरवायच्या. त्यांच्यातल्या केवळाबाईचं नाव आठवड्यात आलं. दानम्माचं 'म्मा'पाशी अडलं. "एका म नं भागत नव्हतं का? नाव ठेवणाऱ्याला दुसरं सोपं सुचलं न्हाई!" ती करवादली.

अक्षरं झाली की शांतवनना गोष्ट सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांना काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी नोहाच्या तारवाची, जगबुडीची गोष्ट काढली.

"इथं घोटभर पान्याला महाग झालोय, आन् तुमी पूर सांगून राहिलाव!" केवळाबाई उसळली. बाभळीखाली सलोमीबाईंनी कपाळाला हात लावला.

पण दानम्मा म्हणाली, "थांब गं. पाद्रीबाबा, किती दिस पडला?"

"चाळीस दिवस आणि चाळीस रात्री."

"आगं बाई! तुमच्या देवाला म्हनावं, आमाला चारच दे. एवढं तारू-बिरू नको."

बायका खदखदा हसल्या. दुसऱ्या दिवशी गोष्टीची वेळ झाली तेव्हा पुन्हा तीच पाहिजे म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशीही. डोंगर कसे बुडाले, नद्या कशा फुगल्या, सगळं सावकाश सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा शांतवनना कुणीतरी 'आणखी लांबवा' म्हणत होतं. ते असे काही फुलले की सलोमीबाईंना हसू आवरेना.

एक दिवस शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतले साहेब तपासणीला आले. शाळेला कुलूप, दारावर चिठ्ठी. रागानं लाल होत दोन मैल चालत ते तलावावर पोचले. बघतात तर पाळक हात उंचावून उभे, समोर चाळीस बायका.

"कोण आहे इथं जबाबदार?" साहेब गरजले.

दानम्मानं मागं न बघता हात हलवला. "बसा खाली. पाऊस चालू हाय."

साहेब बसले. बसल्यावर उठवेना. गोष्ट संपल्यावर सलोमीबाईंनी त्यांना मडक्यातलं अर्धा तांब्या पाणी दिलं आणि पोरांचे पाढे म्हणवून घेतले. त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं: 'शाळा जागेवर आढळली नाही. शिक्षण आढळले.'

पुढच्या मृगानंतर पाऊस आला आणि तलाव भरला. बायकांची नावं लिहिलेले ते दगड बांधाच्या पोटात गेले. दानम्मा मात्र दिसेल तिथं नाव लिहीत सुटली होती, शांतवनच्या सायकलच्या मडगार्डवरसुद्धा.

दहा वर्षं गेली. ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये उस्मानाबाद फोडून लातूर जिल्हा झाला. शाळेची पाटी बदलायची होती. शांतवन हौसेनं शिडीवर चढले आणि त्यांनी 'जि. लातुर' रंगवलं. सलोमीबाईंनी खालून बघितलं. "दुसरा उकार. जिल्हा मोठा आहे, ऱ्हस्व करू नका." त्यांना पुन्हा चढावं लागलं.

त्याच हिवाळ्यात चर्चच्या वार्षिक कॉन्फरन्समध्ये बिशपसाहेबांनी नेमणुकांची यादी वाचली: रेव्हरंड बनसोडे, बिलोली. म्हणजे नांदेड जिल्हा. सलोमीबाईंनी तिकडं बदली मागितली तर वीस वर्षांची ज्येष्ठता सोडून शेवटून उभं राहावं लागणार, आणि मुख्याध्यापकाची खुर्ची तर आता हातभर अंतरावर आलेली. हे बघून घेणं काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

गाव मात्र गप्प बसलं नाही. दानम्मा आणि केवळाबाई स्वतः लिहिलेला अर्ज घेऊन उदगीरला चर्चच्या सुपरिंटेंडंट साहेबांकडं गेल्या. 'आमचा पाद्री आमाला पायजे. लांब बोलतो तरी पायजे.'

साहेब हसले. "तुमच्यापैकी चर्चचे सभासद किती?"

"सभासद कुणी न्हाई. पर मानूस आमचा हाय."

"बाई, यादी वाचून झाली. आता बदलत नाही."

"मंग दाखवा ती यादी. आमाला बी वाचता येतंय."

साहेबांनी यादी पुढं केली. दानम्मानं बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. "बि... लो... ली." मग यादी घडी करून परत दिली. "हाव. लिवलंय खरं."

शांतवन बिलोलीला गेले. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सलोमीबाई देगलूरवरून जाणारी एसटी धरायच्या. रविवारचा उपदेश आटोपून सोमवारी कधी ते इकडं यायचे. एका दसऱ्याला दोघंही एकमेकांना न सांगता निघाले आणि देगलूरच्या स्टँडवर एकाच भज्याच्या गाड्यापाशी समोरासमोर आले. कुठल्या घरी जायचं यावर तासभर वाद झाला. तेवढ्यात दोन्हीकडच्या गाड्या गेल्या. "वीस वर्षांत असं निवांत बसलो नव्हतो," शांतवन म्हणाले. सलोमीबाईंनी आणखी एक प्लेट सांगितली.

आठ वर्षांनी शांतवन निवृत्त होऊन करडगावला परतले. सलोमीबाई तेव्हा मुख्याध्यापक होत्या आणि त्यांची तीन वर्षं बाकी होती. म्हणून चूल शांतवनकडं आली. गावातली माणसं पारावरून विचारायची, "पाद्रीबाबा, आता कुठं नेमणूक?"

"स्वयंपाकघरात," ते सांगायचे, "आणि साहेब फार कडक आहेत."

एक दिवस सलोमीबाई शाळेतून आल्या तेव्हा ताटात अंबाड्याची भाजी आणि कडेला करपलेली भाकरी होती. त्यांनी घास घेतला. शांतवन हात पुसत समोर उभे राहिले.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"घालायचं असतं," त्या म्हणाल्या, आणि मिठाची वाटी ओढून घेऊन पोटभर जेवल्या.