सिममध्ये मावलेली अडीचशे नावं

११ मे २००८, रविवार. जुना मोबाइल देऊन वर तीन हजार रुपये भरले आणि उल्हासनगरच्या एका दुकानातून नवा घेतला. बरोबर बायको होती. काउंटरवर दुकानदार होता. त्याने जुन्या मोबाइलमधली नावं सिमवर उतरवली. पडद्यावर २५० असा आकडा आला. इतका गोल आकडा बघून माझ्यासारख्या हिशेबी माणसाला शंका यायला हवी होती. पण बायकोने, सगळे नंबर आले ना, असं विचारलं तेव्हा मी तिला मोबाइलबरोबर मिळालेलं मेमरी कार्ड दाखवलं. एक जीबीची जागा आहे, नंबरांची काय कथा, असं काहीतरी म्हणालो. दुकानदाराने जुन्या मोबाइलमधलं सगळं पुसून तो शोकेसमध्ये लावला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी पहाटे आई गेली.

बाईला शेवटची साडी माहेरची लागते आणि ती भावाने आणायची असते. आईला एकच भाऊ. मामा मूळचे शहापूरचे, पण दोन वर्षांपासून मुलाकडे सिन्नरला राहत होते. त्यांचा नंबर फक्त माझ्या मोबाइलमध्ये होता. नातेवाइकांची नावं गाव आधी लावून नोंदवायची, ही माझी सवय. मी ‘शहापूर मामा’ शोधू लागलो. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने यादी खाली सरकत गेली आणि ‘शहाड प्लंबर’वर संपली. त्यापुढे एकही नाव नव्हतं.

मी यादी तीनदा वरखाली केली. अंबरनाथहून आलेली काकू बघत होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढा हिशेबी माणूस तू, आणि सख्ख्या मामाचा नंबर नाही तुझ्याकडे?"

मेहुणा नंबर विचारायला मोटरसायकलवरून शहापूरला गेला. तिथे घराला कुलूप, शेजारी शेतावर लावणीला गेलेले. इकडे जाणती माणसं म्हणाली, दिवस मावळायच्या आत न्यायला हवं. मी चार वाजेपर्यंत थांबवलं. मग बदलापूरच्या बाजारातून तीनशे चाळीस रुपयांची सुती साडी आणली आणि मामांच्या नावाने आईच्या अंगावर घातली. शेजारी शेतावरून परतले आणि मेहुण्याला मामांचा नंबर मिळाला तेव्हा आम्ही स्मशानातून परतत होतो.

पुढे महिनाभराने मी त्या दुकानात गेलो. भांडायला गेलो नव्हतो, समजून घ्यायचं होतं. दुकानदाराने काउंटरवर एक मोबाइल उघडून दाखवला. सिमची जागा वेगळी. त्यात अडीचशेच नावं बसतात आणि सिम काढलं की ती सिमबरोबर जातात. मोबाइलची स्वतःची जागा वेगळी, तिथली नावं मोबाइलबरोबर जातात. कार्डात गाणी आणि फोटो. मामांसारखे उरलेले नंबर दुसऱ्या फेरीत नव्या मोबाइलच्या जागेत घ्यायचे राहून गेले होते. तो म्हणाला, "साहब, आपने बोला नहीं, मैंने भी गिना नहीं."

मी मात्र घरी येऊन सिममधली नावं मोजली. त्यात बंद पडलेला गॅसचा नंबर होता, आणि ज्या दुरुस्तीवाल्याला मी पुन्हा कधी बोलावलं नाही त्याचे दोन होते. त्यांतला एक जरी आधी पुसला असता, तरी प्लंबरच्या खाली मामा बसले असते.

मामा आले होते ते आई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. मोबाइलमध्ये नंबर सापडलाच नाही ते मी सांगू लागलो, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही. भिंतीला टेकून बसले. मग विचारलं, "साडी कितीला पडली?"

मी म्हटलं, "राहू द्या मामा, ते काय विचारता."

"राहू कसं देऊ? माझी बहीण तुझ्या साडीत गेली म्हणून मी घरी कसं सांगू? आकडा सांग."

मी आकडा सांगितला. त्यांनी बंडीच्या खिशातून तीन शंभराच्या आणि चार दहाच्या नोटा काढल्या. बायकोने मान हलवून मला घ्या म्हणून खुणावलं. साडीचे तीनशे चाळीस रुपये मामांनी माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतले.