आईचे अकरा कान

माझा दादा निर्णय घेत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. तो रोज घेतो आणि रोज बदलतो.

पोटापाण्यासाठी तो संगणकावर पात्रं घडवतो. जाहिरातीत दातावर कुदळ मारणारा हिरवा जंतू दिसतो ना, तो दादाचा. तीन दिवसांत केला होता, हनुवटीवरच्या चामखिळीसकट. ऑफिसात कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं ते साहेब ठरवतात, म्हणून तिथे कामं होतात. घरी साहेब नाहीत. लोकांना नाचता येत नाही म्हणून अंगण वाकडं वाटतं. दादाला नाचता उत्तम येतं, पण अंगणच पसंत पडत नाही.

आमचे बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं चालती केली. आईला त्यांनी उभ्या आयुष्यात नावाने हाक मारली नाही. "अगं, ऐकलंस का?" म्हटलं की ती स्वयंपाकघरातून यायची. ती गेली आणि वर्षभरात बाबांच्या डोळ्यांनीही दगा दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार तर सात-आठ महिने. मग नुसता उजेड आणि सावली कळेल." बाबा घरी आले, चहा प्यायले आणि दादाला म्हणाले, "तो जंतू केलास तशी तुझी आई करून दे. फोटोतली नुसती समोर बघत बसते, मान काही वळवत नाही. मला तिला एकदा सगळ्या बाजूंनी बघायचंय. डोळे आहेत तोवर."

त्यांनी मुलाकडे आजवर काही मागितलं नव्हतं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तो लगेच कुठलं सॉफ्टवेअर बरं पडेल ते बघायला बसला.

पहिलं फुकट होतं, आणि नेमकं म्हणूनच ते त्याच्या मनाला येईना. दुसऱ्यात ओल्या मातीसारखं काम व्हायचं, पण रंग चढवायला वेगळं घ्यावं लागायचं. तिसरं रंगात अव्वल, घडवण्यात ठोंब्या. त्याने मोठा तक्ता करून भिंतीवर लावला. ब्रश, सुरकुत्या, त्वचेवरची छिद्रं, वेग, सगळ्याला दहापैकी गुण. माझ्या मुलीची प्रगतिपुस्तकंसुद्धा त्याने कधी इतक्या बारकाईने बघितली नाहीत.

परीक्षा मात्र सगळ्यांना एकच होती, आईचा डावा कान. "नाक काय, कुणीही करतं," तो म्हणायचा. "कान जमला तर सॉफ्टवेअर खरं." त्यामुळे व्हायचं असं की कान तयार होईपर्यंत फुकट वापरायची मुदत संपायची आणि दादा पुढच्या सॉफ्टवेअरकडे वळायचा.

वहिनी कपडे वाळत घालता घालता मला म्हणाली, "माझ्याशी लग्न ठरवायला यांना पंधरा मिनिटं लागली. तिथे ट्रायल नव्हती ना."

बाबा रोज सकाळी विचारायचे, "झाली का रे?"

"होतेय, बाबा. सध्या तुलना चाललीय."

बाबांना वाटायचं, रंगाआधी अस्तर लावतात तशी ही तुलनाही करावी लागत असेल. ते मान डोलवायचे. चौथ्या महिन्यात ते पेपरातले फक्त मथळे वाचू लागले. सहाव्यात पेपर नुसता हातात धरून बसू लागले. दादा तेव्हा रंगात अडकला होता. उन्हात कानाची पाळी आतून लालसर दिसते, तो लाल रंग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये खरा येतो यावर त्याचे तीन आठवडे गेले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अरे, तोंड कर ना तिचं! जंतूला तोंड आहे, आईला नको?"

तो दुखावला. "घाईत केली आणि ती आईसारखी झाली नाही तर? बाबा तीच लक्षात ठेवतील गं."

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तेवढ्यात त्याच्या पडद्यावर नजर गेली. तो अकरावं सॉफ्टवेअर उतरवून घेत होता.

आठव्या महिन्यातल्या एका सकाळी दादा दारात उभा होता. बाबांनी खुंटीवरच्या कोटाला विचारलं, "झाली का रे?"

कोट काही बोलला नाही.

त्याच आठवड्यात मी त्याच्या संगणकातून एक कान पेनड्राइव्हवर उचलला. कितवा ते बघितलंही नाही. दातांच्या डॉक्टरांना जबड्याचे साचे थ्रीडी प्रिंटरवर छापून देणारं एक दुकान आहे, तिथून तो छापून आणला. पांढरा, टणक, मापात. तो दादाच्या टेबलावर आपटायचा आणि त्याला शरम वाटेल असे चार शब्द बोलायचे, असं ठरवूनच घरात शिरले. पण समोर बाबा बसले होते. मी कान त्यांच्या तळहातावर ठेवला.

बोटं घड्याळजीची. कडेवरून हळूहळू फिरली, वरच्या बाजूच्या खाचेशी थांबली, पाळीच्या ओघळलेल्या छिद्रात नख घालून बघितलं. "तिचाच," बाबा म्हणाले. "लहानपणी झोपाळ्याच्या कडीने कापला होता, तो इथे." इतका हुबेहूब कान करणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे, याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

दादा बाहेर आला. बाबांनी पावलांच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. "फार सुरेख केलायस रे. बाकीची कुठाय?"

दादाने कान हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. "बाबा, आता तुम्ही हाताने बघणार म्हणजे हे छपाईचं काम झालं. रंगाचा प्रश्नच मिटला. पण छपाईला सॉफ्टवेअर वेगळं लागेल. मी बघतो."

बाबांनी हात पुढे केला आणि कान परत मागून घेतला. तो मुठीत धरला. मग ओठांजवळ नेला.

"अगं, ऐकलंस का?" ते म्हणाले. "बघतो म्हणतोय."